दशांश संख्येला अपूर्णांकाने भागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी ते आठवीची मुलं, आणि रात्री नऊनंतर त्यांचे आईवडील, मला गणितातल्या या एका प्रकाराबद्दल सतत विचारत असतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द जमतील तितके विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. एकच शंका दोन-तीन ठिकाणी डोकावते, तिथे उत्तर एकदाच दिलं आहे आणि बाकी ठिकाणी त्या प्रश्नाचा क्रमांक लिहिला आहे. वेळ कमी असेल तर ३ आणि १५ हे दोन प्रश्न तरी वाचाच.

१. दशांश संख्येला अपूर्णांकाने भागायचं म्हणजे नेमकं काय?

भाजीवाली "साडेबावीस रुपये पाव" म्हणाली की तुम्ही मनात लगेच "म्हणजे नव्वद रुपये किलो" असा हिशोब करता. तुम्ही २२.५ ला १/४ ने भागलंत. पाव किलोचे साडेबावीस, तर अख्ख्या एका किलोचे किती, हा भागाकाराचा एक अर्थ.

दुसरा अर्थ मोजण्याचा. डब्यात ४.५ लिटर तेल आहे आणि बाटली पाऊण लिटरची आहे. किती बाटल्या भरतील? म्हणजे ४.५ मध्ये ३/४ किती वेळा मावतात? सहा वेळा.

शाब्दिक उदाहरण कोणतंही असो, तो या दोनपैकी एक प्रश्न असतो: "एकाला किती?" किंवा "किती वेळा?" मुलाला आधी हे ओळखता यायला हवं. रीत नंतर पाच मिनिटांत येते.

२. आम्ही मराठी माध्यमात शिकलो, मुलगी सेमी-इंग्रजीत आहे. कोणत्या शब्दाला काय म्हणतात?

तिचं डेसिमल म्हणजे आपला दशांश अपूर्णांक, फ्रॅक्शन म्हणजे व्यवहारी अपूर्णांक. न्यूमरेटर हा अंश, डिनॉमिनेटर हा छेद. ज्याला भागायचं तो भाज्य, तिच्या पुस्तकात डिव्हिडंड. ज्याने भागायचं तो भाजक, म्हणजे डिव्हायझर. अंश आणि छेद यांची अदलाबदल करून मिळतो तो गुणाकार व्यस्त, तिचा रेसिप्रोकल. घरी समजावताना दोन्ही शब्द वापरा. मुलांचा त्याने गोंधळ होत नाही, उलट छेद हा शब्द त्यांना लवकर पटतो, कारण त्यात कापण्याचा अर्थ आहे.

३. सगळ्यात सोपी रीत कोणती?

दशांश संख्येला छेदाने गुणा, मग अंशाने भागा.

४.५ ÷ ३/४ घ्या. ४.५ × ४ = १८. मग १८ ÷ ३ = ६. झालं.

अजून एक: २.८ ÷ २/३. २.८ × ३ = ८.४. ८.४ ÷ २ = ४.२.

आधी अंशाने भागून मग छेदाने गुणलं तरी उत्तर तेच येतं: ४.५ ÷ ३ = १.५, आणि १.५ × ४ = ६. ज्या क्रमाने आकडे सोपे होतील तो क्रम घ्या. अंशाने नि:शेष भाग जात असेल तर आधी भागणं बरं, आकडे लहान राहतात. भाग जात नसेल तर आधी गुणा.

शाळेत हेच ४५/१० × ४/३ असं लिहून घेतात. लेखी परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे वहीत तसंच लिहावं. तोंडी हिशोबाला मात्र वरची रीत पुरते.

४. पण अपूर्णांक उलटा का करायचा? सर नुसतं "उलटा करा आणि गुणा" म्हणतात.

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं मला मनापासून कौतुक वाटतं, म्हणून उत्तर सावकाश देतो.

एक सायकलस्वार पाऊण तासात १३.५ किलोमीटर गेला. त्याच वेगाने तासाला किती जाईल? म्हणजे १३.५ ÷ ३/४. आता सूत्र विसरा. पाऊण तास म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन तुकडे. तीन तुकड्यांत १३.५, तर एका तुकड्यात १३.५ ÷ ३ = ४.५ किलोमीटर. तासात असे तुकडे चार. म्हणून ४.५ × ४ = १८ किलोमीटर.

आपण काय केलं ते बघा. ३ ने भागलं आणि ४ ने गुणलं. म्हणजेच ४/३ ने गुणलं. अंशाने भागल्यावर एका भागाचं माप मिळतं, छेदाने गुणल्यावर ते भाग जोडून पूर्ण एक तयार होतो. अपूर्णांक उलटा करणं हे या दोन पायऱ्या एका दमात लिहिण्याचं नाव आहे.

हा नियम जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीत तो दिला आहे: भाजकाच्या छेदाची आणि अंशाची अदलाबदल करावी, मग उरलेली क्रिया गुणाकारासारखी करावी. त्यांच्या काळी दशांश चिन्ह नव्हतं, पण नियम तोच. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापन केल्याचं त्यात कोरलेलं आहे. सातवीच्या वर्गात हे सांगितलं की मुलं थोडी ताठ बसतात.

५. कोणता उलटा करायचा, पहिला की दुसरा? की दोन्ही?

फक्त भाजक. म्हणजे ÷ चिन्हाच्या उजवीकडचा. भाज्य जसाच्या तसा राहतो. वरच्या उदाहरणात १३.५ किलोमीटर तर तो गेलेलाच आहे, ते बदलायचं कारण नाही. तुकडे पाडायचे ते तासाचे.

मुलं ४५/१० चंही १०/४५ करून टाकतात. मग १०/४५ × ४/३ असं काहीतरी येतं आणि उत्तर एकाहून लहान निघतं. साडेचार लिटर तेलातून एकही बाटली भरली नाही, असा त्याचा अर्थ होतो. मुलाला एवढंच विचारलं की ते स्वतःच खोडतं.

६. भागाकार केला तर संख्या लहान व्हायला हवी ना? इथे मोठी कशी होते?

भाजक एकाहून लहान असेल तर उत्तर भाज्याहून मोठं येणारच. भाजक एकाहून मोठा असेल, जसं ५/३, तर लहान येईल. भाजक बरोबर एक असेल तर जसंच्या तसं.

पाचवीतल्या एका मुलीला हे काही केल्या पटेना. तिला दीड लिटरची पाण्याची बाटली आणि पाव लिटरचं माप दिलं आणि घमेल्यात ओतत जा म्हटलं. दर मापाला ती फळ्यावर एक उभी रेघ मारत होती. पाचवी रेघ मारल्यावर तिने बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "अजून एक होईल." सहा रेघा झाल्या. मग तिने रेघांशेजारी स्वतःहून लिहिलं: १.५ ÷ १/४ = ६. माप जितकं लहान तितक्या वेळा जास्त ओतावं लागणार, हे तिच्या हाताला कळलं होतं. शक्य असेल तर घरी एकदा हे कराच.

७. "अर्ध्याने भागा" आणि "अर्धे करा" यांत फरक आहे का?

आहे, आणि सगळा फरक त्या "ने" मध्ये आहे.

६.४ चे अर्धे करा म्हणजे २ ने भागा: ३.२.
६.४ ला अर्ध्याने भागा म्हणजे १/२ ने भागा: १२.८.

एक उत्तर दुसऱ्याच्या चौपट आहे. बोलताना आपण "निम्मं कर", "पाव कर" इतक्या सहज म्हणतो की मुलं "पाव ने भागा" वाचूनही चारने भागतात. उदाहरण मोठ्याने वाचायला लावा आणि "ने" वर बोट ठेवायला सांगा.

८. अपूर्णांकाचं दशांश करून भागावं की दशांशाचा अपूर्णांक करावा?

आधी छेदाकडे बघा. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणा, म्हणजे अंश-छेदांत आणखी काट जाणार नाही इतका लहान करा, आणि छेदाचे मूळ अवयव पाडा. त्यात फक्त २ आणि ५ असतील तर दशांश रूप संपतं: १/८ म्हणजे ०.१२५, ३/२० म्हणजे ०.१५, ७/१६ म्हणजे ०.४३७५. अशा वेळी दोन्हीकडे दशांश करून भागता येतं. ४.५ ÷ ०.७५ म्हणजे दोन्हीकडे दशांश चिन्ह दोन घरं सरकवून ४५० ÷ ७५ = ६.

छेदात ३, ७, ११ असं काही उरलं तर दशांश रूप कधीच संपत नाही. तिथे अपूर्णांक अपूर्णांकच ठेवा.

"अतिसंक्षिप्त रूप" हे शब्द विसरू नका. ६/१५ च्या छेदात ३ दिसतो, पण तो २/५ आहे, म्हणजे ०.४.

माझं मत विचाराल तर ३ मधली रीत दोन्ही प्रकारांत चालते आणि तिला हे काहीच ठरवावं लागत नाही. मी तीच शिकवतो. अर्धा, पाव, पाऊण आणि पंचमांश यांचं दशांश रूप मात्र तोंडपाठ असावं.

९. २/३ ऐवजी ०.६७ घेतलं तर काय बिघडतं?

उत्तर बिघडतं. २.८ ÷ २/३ = ४.२, अगदी नेमकं. २.८ ÷ ०.६७ केलंत तर ४.१७९… येतं. पर्यायांत ४.१८ आणि ४.२ दोन्ही असतील तर मूल ४.१८ ला खूण करून मोकळं होतं. दशांश स्थळं कमी करायची असतील तर ती शेवटच्या उत्तरात, मध्येच नाही.

१०. भाजक पूर्णांकयुक्त अपूर्णांक असेल तर?

आधी तो अंशाधिक करा, म्हणजे छेदाहून मोठा अंश असलेला एकच अपूर्णांक. ६.२५ ला अडीचने, म्हणजे २ पूर्णांक १/२ ने भागायचं आहे. २ पूर्णांक १/२ = ५/२. मग ६.२५ × २ = १२.५, आणि १२.५ ÷ ५ = २.५.

नेहमी होणारी चूक: पूर्णांक तसाच ठेवून फक्त १/२ उलटा करणं. मग २ पूर्णांक २/१ होतात, म्हणजे ४, आणि उत्तर २५ येतं. बरोबर उत्तराच्या दहापट. सव्वा, दीड, अडीच, साडेतीन यांना ५/४, ३/२, ५/२, ७/२ म्हणून बघायची सवय लागली की ही चूक आपोआप थांबते.

११. अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने सरळ भागलं तर चालतं का? मुलाने तसं केलं आणि उत्तर बरोबर आलं, पण वहीत लाल खूण आहे.

चालतं. ०.१५ ÷ ३/५ घ्या. १५/१०० ÷ ३/५ मध्ये १५ ÷ ३ = ५ आणि १०० ÷ ५ = २०, म्हणून ५/२० = १/४ = ०.२५. प्रश्न ३ च्या रीतीने: ०.१५ × ५ = ०.७५, ०.७५ ÷ ३ = ०.२५. दोन्ही एकच.

ही रीत गणिताच्या दृष्टीने पूर्ण बरोबर आहे. अडचण एवढीच की नि:शेष भाग गेला नाही तर अपूर्णांकात अपूर्णांक तयार होतो आणि काम वाढतं. मुलाने स्वतः शोधली असेल तर शिक्षकांना भेटून ताळा करून दाखवा. बरोबर विचाराला लाल खूण मिळाली की मूल पुढे विचार करायचं सोडतं, आणि ते नुकसान एका गुणाहून फार मोठं आहे.

१२. काट कधी मारायची?

तिरपी काट गुणाकारातच चालते, म्हणून ÷ चं × झाल्यावर आणि भाजक उलटा केल्यावरच. ८/१० ÷ ४/५ मध्ये घाईने १० आणि ४ यांना २ ने काट मारली तर ८/५ ÷ २/५ होऊन उत्तर ४ येतं. खरं उत्तर १ आहे, कारण ८/१० आणि ४/५ एकच संख्या आहे, दोन्ही ०.८.

१३. ०.०३६ सारख्या लहान संख्येत दशांश चिन्ह हमखास चुकतं. काही युक्ती?

चिन्ह विसरा, एकक लक्षात ठेवा. ०.०३६ म्हणजे ३६ सहस्रांश. आता ०.०३६ ÷ ३/५ हवं असेल तर आधी ३६ ÷ ३/५ काढा: ३६ ÷ ३ = १२, १२ × ५ = ६०. छत्तीस सहस्रांशांचे साठ सहस्रांश झाले. ०.०६०, म्हणजे ०.०६.

छत्तीस आंब्यांचा हिशोब जसा, तसाच छत्तीस सहस्रांशांचा. दशांश घरं मोजत बसण्यापेक्षा हे मुलांना लवकर जमतं.

१४. भाग जातच राहतो, उत्तर संपत नाही. कुठे थांबायचं?

१.१ ÷ ३/७ करून बघा. १.१ × ७ = ७.७, आणि ७.७ ÷ ३ = २.५६६६… हे अखंड आवर्ती आहे, कितीही भागा, सहाच येत राहणार. नेमकं उत्तर हवं असेल तर ७७/३० किंवा २ पूर्णांक १७/३० लिहा. दोन दशांश स्थळांपर्यंत मागितलं असेल तर २.५७. प्रश्नात काहीच सांगितलं नसेल तर अपूर्णांकात लिहिलेलं उत्तर कधीच चुकत नाही.

भाज्यच आवर्ती असेल, जसं ०.३३३… ÷ १/६, तर आधी त्याला १/३ करा. १/३ × ६ = २.

१५. उत्तर ७ पूर्णांक १/३ आलं. म्हणजे सात तुकडे आणि १/३ मीटर कापड उरलं ना?

नाही. इथे भलेभले फसतात.

५.५ मीटर कापड आहे, प्रत्येक ब्लाउजपीस पाऊण मीटरचा. ५.५ × ४ = २२, २२ ÷ ३ = ७ पूर्णांक १/३. हा १/३ कशाचा? मीटरचा नाही, ब्लाउजपीसचा. सातनंतर आठव्या पिसाचा एक तृतीयांश भरेल इतकं कापड उरलं. पाऊण मीटरचा एक तृतीयांश म्हणजे पाव मीटर.

शिवणकाम करणाऱ्या एका मावशींसमोर मी हे मांडलं. त्यांनी कागद बाजूला सारला, टेप घेतली आणि टेबलावर पंचाहत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरवर खडूने खुणा करत गेल्या. सातव्या खुणेनंतर टेपवर पंचवीस सेंटिमीटर राहिले. "बाही निघेल यात, पीस नाही," म्हणाल्या. पंचवीस सेंटिमीटर म्हणजे पाव मीटर. ताळा असाही बसतो: ७ × ०.७५ = ५.२५, आणि ५.५ − ५.२५ = ०.२५.

भागाकारातला अपूर्णांक नेहमी भाजकाच्या मापात बोलतो. बाकी मीटरमध्ये हवी असेल तर त्या अपूर्णांकाला भाजकाने गुणा: १/३ × ३/४ = १/४.

आता त्याच आकड्यांचं दुसरं उदाहरण. ५.५ लिटर काकवी पाऊण लिटरच्या बरण्यांत भरायची आहे, किती बरण्या आणाव्या? आठ. कारण सात भरल्यावर उरलेली काकवी ओतून द्यायची नाही. कापडाचं उत्तर सात, काकवीचं आठ, आणि भागाकार मात्र एकच. गणित ७ पूर्णांक १/३ इथे थांबतं, पुढचं प्रश्न वाचून ठरवायचं.

१६. शाब्दिक उदाहरणात कोणाला कोणाने भागायचं हे कसं ओळखावं?

अपूर्णांकाच्या जागी सोपी पूर्ण संख्या ठेवून बघा. "पाऊण तासात १३.५ किलोमीटर, तर तासाला किती?" गोंधळ होत असेल तर वाचा: "३ तासांत १२ किलोमीटर, तर तासाला किती?" १२ ÷ ३, हे कोणीही सांगेल. म्हणजे अंतराला वेळेने भागायचं. आता खरे आकडे परत ठेवा.

१७. अपूर्णांकाला दशांश संख्येने भागायचं असेल तर हेच नियम?

हेच, फक्त आता उलटायची ती दशांश संख्या. ३/४ ÷ ०.१२ मध्ये ०.१२ = १२/१००, उलटून १००/१२. ३/४ × १००/१२ = ३००/४८ = ६.२५. इथे ०.७५ ÷ ०.१२ म्हणजे ७५ ÷ १२ करणं जास्त सुटसुटीत आहे.

१८. ऋण संख्या आणि शून्य आलं तर?

चिन्हांचे नियम नेहमीचेच. −१.२ ÷ ३/५ = −२. दोन्ही ऋण असतील तर उत्तर धन. शून्याला कोणत्याही शून्येतर अपूर्णांकाने भागलं तर शून्य. भाजकाचा अंशच शून्य असेल, जसं ०/३, तर भागाकार करता येत नाही, कारण तो भाजक शून्यच आहे आणि उलटल्यावर छेदात शून्य येतो.

१९. ३.६ ÷ १/२ चे ३/५ याचं उत्तर ४.३२ की १२?

१२. कंचेभागुबेव आठवा: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. "चे" म्हणजे गुणाकारच, पण तो भागाकाराच्या आधी होतो. १/२ चे ३/५ = ३/१०. मग ३.६ ÷ ३/१० = ३६ ÷ ३ = १२.

जिथे "चे" नसून × चिन्ह आहे, तिथे भागाकार आणि गुणाकार डावीकडून उजवीकडे, जसे येतील तसे. ४.८ ÷ ३/४ × १/२ मध्ये आधी ४.८ ÷ ३/४ = ६.४, मग त्याचं निम्मं ३.२. आधी गुणाकार करून बसलात तर १२.८ येईल.

२०. एका रेघेखाली दुसरी रेघ असलेले अपूर्णांक कसे वाचायचे?

मुख्य रेघ कोणती ते बघा. ती जास्त लांब असते आणि = चिन्हाच्या समोर येते. मुख्य रेघेवर ०.९ आणि खाली ३/५ असेल तर ते ०.९ ÷ ३/५ = १.५. मुख्य रेघेवर ०.९/३ आणि खाली ५ असेल तर ०.३ ÷ ५ = ०.०६. म्हणून वहीत मुख्य रेघ पट्टीने आणि लांब ओढायला लावा. दोन्ही रेघा सारख्या दिसल्या की स्वतःचंच गणित मुलाला नीट वाचता येत नाही.

२१. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ४.५ ÷ ३ ÷ ४ केलं तर ०.३७५ येतं. कॅल्क्युलेटर चुकतोय का?

तो तुम्ही सांगितलं तेच करतो: ४.५ ला ३ ने भागून आलेल्या १.५ ला पुन्हा ४ ने भागतो. तुम्हाला ३/४ ही एकच संख्या म्हणून हवी होती, ते त्याला कळलं नाही. कंस द्या, ४.५ ÷ (३ ÷ ४). एक्सेलमध्येही तसंच, =४.५/(३/४). कंसाची सोय नसलेल्या साध्या कॅल्क्युलेटरवर प्रश्न ३ ची रीत दाबा: ४.५ × ४ ÷ ३.

२२. उत्तर बरोबर आहे का हे लगेच कसं तपासावं?

ताळा करा: आलेल्या उत्तराला मूळ, न उलटवलेल्या भाजकाने गुणा, भाज्य परत मिळायला हवा. ४.२ × २/३ = २.८, बरोबर. त्याआधी नजरेने अंदाज घ्या. भाजक एकाहून लहान की मोठा, त्यावरून उत्तर वाढणार की घटणार हे ठरतं (प्रश्न ६).

२३. पावकी, निमकी, पाऊणकी आता पाठ करून घेण्यात अर्थ आहे का?

आहे, असं माझं ठाम मत आहे. हे अपूर्णांकांचे पाढे. सगळे नाही, सवायकी (सव्वाचा पाढा) आणि औटकी (साडेतीनचा पाढा) राहू द्या. पण पावकी, निमकी, पाऊणकी आणि दिडकी दहापर्यंत याव्यात. "दोन पाऊण दीड, चार पाऊण तीन, सहा पाऊण साडेचार" हे ज्याच्या कानात आहे, त्याला ४.५ ÷ ३/४ साठी पेन्सिल लागत नाही. साडेचारमध्ये किती पाऊण? सहा, पाढ्यातच आहे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना शिकवायला सांगा, मुलं त्यांच्याकडून चालीत शिकतात.

२४. जमीन २.१० एकर आहे. पाऊण एकराला बियाण्याची एक पिशवी लागते. २.१० ÷ ३/४ = २.८ आलं, पण वडील म्हणतात तीन पिशव्या बरोबर लागतात. कोण बरोबर?

वडील. त्यांचं "२.१०" म्हणजे दोन एकर दहा गुंठे. तो बिंदू दशांश चिन्ह नाही, एकर आणि गुंठे वेगळे दाखवणारी खूण आहे. एकरात ४० गुंठे, म्हणून दहा गुंठे म्हणजे पाव एकर. खरं क्षेत्र २.२५ एकर आणि २.२५ ÷ ३/४ = ३.

असे फसवे बिंदू रोज भेटतात. घड्याळातले १.३० तास म्हणजे दीड तास, १.३ नाही. क्रिकेटमधली ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू, षटकात चेंडू सहा, म्हणून साडेचार षटकं. २७ धावा झाल्या असतील तर धावगती २७ ÷ ९/२ = ६. ४.३ ने भागलंत तर ६.२८ येईल आणि फलकाशी जुळणार नाही. ५.६ असं लिहिलेली उंची म्हणजे पाच फूट सहा इंच, साडेपाच फूट.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. तिथे ०.८१ म्हणजे ८१ आर, आणि १०० आरचा एक हेक्टर, त्यामुळे तो बिंदू खरोखर दशांश चिन्हासारखा वागतो. तो आकडा सरळ भागायला हरकत नाही. (सातबारा ७/१२ असा लिहितात, पण तो अपूर्णांक नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा तो एकत्र उतारा.)

शंका आली तर सगळं लहान एककात आणा, बिंदूच उरत नाही. २ एकर १० गुंठे म्हणजे ९० गुंठे. पाऊण एकर म्हणजे ३० गुंठे. ९० ÷ ३० = ३ पिशव्या.